सोमाचा पाडा, ओळ क्रमांक २७१४

एखादा पाडा नकाशावरून पुसायला किती वेळ लागतो, हे मी अचूक सांगू शकते. चार सेकंद. त्यातले तीन आमच्या कार्यालयातल्या संगणकाच्या आळसाचे. तोच पाडा पुन्हा नकाशावर आणायला किती वेळ लागतो, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. निरीक्षण चालू आहे.

२००५ साली दिवाळीच्या आधी वरून एक परिपत्रक आलं. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी खात्यांनी आपापले नकाशे आणि वाड्या-पाड्यांच्या याद्या एकमेकांना द्याव्यात, त्या एका ठिकाणी जुळवाव्यात आणि यापुढे सगळ्यांनी तो एकच नकाशा वापरावा. ते वाचून मला भरून आलं. माझं वय तेवीस होतं, भूगर्भशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते, आणि नाशिकच्या ज्या कार्यालयावर हे जुळवण्याचं काम पडलं तिथे मी अकरा महिन्यांच्या करारावर होते. खात्यांची नावं मी घेणार नाही. पाणीवाले, जंगलवाले आणि रस्तेवाले एवढ्यावर भागेल.

परिपत्रकात एकूण सतरा कलमं होती. सोळा कलमांत काय करायचं ते होतं. सतराव्यात, ते केल्याचा अनुपालन अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत पाठवायचा होता. सर्व खात्यांनी सतरावं कलम मनापासून पाळलं.

पाणीवाल्यांची सीडी दोनच दिवसांत आली. मी कौतुकाने ती संगणकात घातली, तर आत काहीच नव्हतं. फोन केल्यावर तिथले गृहस्थ शांतपणे म्हणाले की पत्रात ‘सीडी सादर करावी’ असं होतं, सीडीवर काय असावं याचा उल्लेख नव्हता. आठवड्याने दुसरी सीडी आली. तिच्यात पहिल्या सीडीसोबतचं पत्र होतं. तिसरीत यादी निघाली.

जंगलवाल्यांचा नकाशा गोपनीय होता. तो बघायला परवानगी होती, उतरवून घ्यायला नव्हती. खोलीत पेन नेता येत नसे. मग मी पाच-पाच पाड्यांचे अक्षांश-रेखांश पाठ करायची, जिन्यात येऊन वहीत लिहायची आणि पुन्हा आत जायची. तिथल्या शिपायाला वाटलं, मला पोटाचा विकार आहे. चौथ्या दिवशी त्याने मला ओवा आणून दिला. विद्यापीठात मला पाठांतराचा तिटकारा होता, आणि पाठांतर करणाऱ्यांना मी मनातल्या मनात हसत असे, हे इथे नोंदवून ठेवते.

रस्तेवाल्यांचं म्हणणं, आधी तुमची यादी द्या, मग आम्ही आमची देतो. आमचे यादव साहेब म्हणाले, आधी त्यांनी द्यावी. तीन आठवडे पत्रं गेली-आली. शेवटी दोन्ही कार्यालयांच्या बरोबर मध्ये असलेल्या चहाच्या टपरीवर दोन्हीकडचे लोक आपापला लखोटा घेऊन उभे राहिले आणि घड्याळात बारा वाजता एकाच वेळी लखोटे बदलले. मधे अंतरपाट तेवढा धरायचा राहिला.

अशा रीतीने माझ्याकडे चार हजार दोनशे अठरा ओळी जमल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक वस्ती. पण जिल्ह्यात एवढ्या वस्त्या नव्हत्या. एकच पाडा तीन-तीनदा आला होता, कारण पाणीवाल्यांनी पाड्याची खूण विहिरीवर केली होती, रस्तेवाल्यांनी जिथे डांबर संपतं तिथे आणि जंगलवाल्यांनी पहिल्या झोपडीवर. तिन्ही खुणा दोन-चारशे मीटर इकडेतिकडे. एकेक ओळ डोळ्यांनी तपासायची तर माझा करार संपला असता. मी नियम बसवला: नाव एक, ग्रामपंचायत एक आणि दोन खुणांमधलं अंतर पाचशे मीटरांच्या आत असेल, तर ती एकच वस्ती. जादा ओळी संगणकाने स्वतःच काढून टाकायच्या. नियम सुंदर होता. मला आजही तो सुंदर वाटतो, आणि हेच माझं दुखणं आहे.

दोन हजार सातशे पंचावन्न ओळी गेल्या. त्यात एक होती ओळ क्रमांक २७१४, सोमाचा पाडा.

त्या रात्री जेवताना मी घरी ही आकडेवारी अभिमानाने सांगितली. माझे वडील वेणीमाधव पंचवटीतले तीर्थोपाध्याय. यजमानांच्या सात-आठ पिढ्यांची नावं लिहिलेल्या वह्या आमच्या कपाटात आहेत. त्या शेजारच्या उपाध्यायांना दाखवायच्या नाहीत असा चाळीस वर्षांचा दंडक आहे, त्यामुळे जंगलवाल्यांचं धोरण बाबांना पूर्ण पटलं होतं. ओळी काढल्याचं मात्र पटलं नाही.

“आम्ही वहीतलं नाव खोडत नाही, आभा,” ते म्हणाले. “मेलेल्याचंसुद्धा.”

मी म्हटलं, म्हणूनच तुमच्या कपाटाचं दार लागत नाही. आई हसली. बाबांनी ताक मागितलं.

जानेवारीत नकाशा चौदा कार्यालयांना गेला. त्यावर ‘अंतिम’ असा शिक्का होता. यादव साहेबांना पुष्पगुच्छ मिळाला. साहेब मुळात भला माणूस. त्यांनी त्यातली दोन जरबेराची फुलं काढून मला दिली.

एप्रिलच्या सहा तारखेला हिरामण आला. चाळिशीचा, किडकिडीत, पांढरी टोपी, पायात प्लास्टिकचे बूट. पेठच्या पलीकडून दोन एसट्या बदलून आलेला. तो आधी पाणीवाल्यांकडे गेला होता. त्यांनी त्याला नकाशा दाखवला आणि म्हटलं, नकाशा त्या कार्यालयातल्या मॅडमने केलाय. म्हणून तो माझ्या टेबलासमोर उभा होता. मी त्याला खुर्ची दिली. तो तिच्या कडेवर बसला.

मी पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं की सोमाच्या पाड्याला तर एक एप्रिलपासून पाण्याचा टँकर सुरू आहे.

“येतो ना ताई,” तो म्हणाला. “त्या सोमाच्या पाड्याला. आमच्या नाय.”

मग हळूहळू उलगडलं. सोमा हा त्यांचा मूळपुरुष. त्याला दोन मुलगे. धाकटा जागा पुरेना म्हणून ओहळाच्या पलीकडच्या डोंगरावर राहायला गेला, त्याला साठ-सत्तर वर्षं झाली. इकडे अठ्ठावीस घरं, तिकडे सात. नाव मात्र दोन्हीकडे सोमाचा पाडा. नवं नाव घ्यायचं म्हणजे सोमाला सोडायचं, आणि सोमाला सोडलं की देवाच्या जेवणात वाटा राहत नाही. त्यामुळे धाकट्याच्या वंशातल्या कोणी नाव बदललं नाही. त्यांचा त्यात काही घोटाळाही होत नसे. कोणता सोमाचा पाडा, हे बोलणाऱ्याचा हात कुठल्या डोंगराकडे आहे त्यावरून कळायचं. माझ्या तक्त्यात हाताला रकाना नव्हता.

“पण दोन्हींत तीनशे ऐंशी मीटरच आहेत,” मी म्हटलं. माझा आवाज थोडा वर गेला असावा.

“पाखराला तेवढंच हाय,” हिरामण म्हणाला. “मधी ओहळ हाय, लय खोल. उतरायचं, चढायचं, भरला हंडा घेऊन परत उतरायचं, चढायचं. येका हंड्याला सकाळ जाती.”

तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. मला माहीत नाही म्हणून सांगत होता, आणि ते जास्त लागलं. ओहळाच्या तळाशी एक झरा होता. तो आता वाटीवाटीने भरत होता. सात घरांची चौतीस माणसं. ती भातकापणीनंतर दरवर्षी निफाडकडे मजुरीला उतरतात आणि शिमग्याला परत येतात. यंदाही आली होती. आता पाणी नाही म्हणून पुन्हा उतरायचं बोलत होती. द्राक्षाची छाटणी सुरू झाली होती, मळ्यात नळ होता.

मी विचारलं, किती दिवस थांबवू शकाल? त्याने छताकडे बघून हिशेब केला. पंधरा दिवस, म्हणाला.

“पंधरा दिवसांत टँकर येईल,” मी म्हटलं. कुठल्या आधारावर म्हटलं ते विचारू नका. चार सेकंदांत गेलेली एक ओळ पंधरा दिवसांत परत येणार नाही, असं मानायला माझ्याकडे तेव्हा कोणताही पुरावा नव्हता.

“तुमच्या शब्दावर थांबवतो मंडळींना,” तो म्हणाला, आणि गेला.

मी ताबडतोब ओळ परत टाकली. नकाशावर ठिपका उमटला. यादव साहेबांना दाखवायला गेले तर त्यांनी चष्मा काढला. नकाशा अंतिम होता. तो आता आमचा एकट्याचा नव्हता, चौदा कार्यालयांचा होता. त्यात ठिपका वाढवायचा तर सगळ्यांची ना-हरकत लागणार, परिपत्रकाचं अकरावं कलम. ते कलम मीच कौतुकाने अधोरेखित केलेलं होतं.

पाणीवाले म्हणाले, आमची हरकत नाही, पण जी वस्ती नकाशावर नाही तिच्याबद्दल ना-हरकत देणार कशी? आधी नकाशावर आणा. जंगलवाल्यांनी मात्र फार रस घेतला. पाडा नाही असं ठरलं होतं तोवर त्यांना काही म्हणायचं नव्हतं. आता आहे म्हणता, तर आमच्या हद्दीत आहे की काय? त्यांनी अतिक्रमणाची चौकशी लावली. म्हणजे मी पाणी मागायला गेले आणि नोटीस मिळवून आले. रस्तेवाल्यांचं म्हणणं, पाडा दाखवला की त्याला रस्ता का नाही असा प्रश्न विधानसभेत येतो, तेव्हा ठिपका थोडा बारीक काढता येईल का?

कार्यालयात माझं नाव ‘डिलीटबाई’ पडलं. आवक-जावक बघणाऱ्या माणसाने तर माझ्या हातात खोडरबर पाहून आपली पेन्शनची फाईल कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

गल्लीतही बातमी पोचली. शेजारच्या विमलाकाकूंच्या जावेचं नाव पूर्वी रेशनकार्डावरून उडालं होतं, त्यामुळे या विषयात त्यांचा अधिकार मोठा. त्यांचा सल्ला, अर्ज रडका कर. जावेचा अर्ज पहिल्यांदा ताठ होता म्हणून तीन वर्षं लागली. मी माझ्या अर्जात अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत दिले होते. काकूंनी तो वाचून परत केला. “यात कोणाला तहान लागलेली दिसत नाही,” म्हणाल्या. समोरच्या निवृत्त हेडमास्तरांनी व्याकरण तपासून दिलं, आणि अर्ज माहिती अधिकारात टाक, असं सुचवलं. माहिती माझ्याकडेच होती, हे त्यांना पटवताना अर्धा रविवार गेला. आई काळारामाला नारळ बोलली. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, पण तिला अडवलं नाही.

शेवटी सगळ्यांच्या मते एकच मार्ग निघाला: संयुक्त स्थळपाहणी. चारही खात्यांनी जागेवर जायचं आणि वस्ती आहे की नाही ते डोळ्यांनी पाहून लिहायचं. पहिली तारीख अठरा एप्रिल. पंधरा दिवसांच्या आत बसत होती. त्या दिवशी जीप नव्हती. दुसऱ्या तारखेला जीप होती, जंगलवाले वणव्यावर गेले होते. तिसरी तारीख यादव साहेबांच्या पुतणीच्या लग्नाच्या बस्त्यात गेली. येवल्याला पैठण्या घ्यायला साहेब स्वतः गेले, कारण घरातल्या बायकांना रंग ठरत नव्हता. परत आल्यावर त्यांनी माझी माफी मागितली आणि पेढा दिला. मी पेढा खाल्ला. न खाऊन काय सिद्ध करणार होते?

अठ्ठावीस एप्रिलला हिरामणचा पेठच्या एसटीडी बूथवरून फोन आला. मंडळी निघाली, म्हणाला. त्याने बावीस दिवस थांबवून धरली होती, म्हणजे बोलल्यापेक्षा सात दिवस जास्त. त्याने ना माझ्या शब्दाची आठवण करून दिली, ना टँकरचं विचारलं. निफाडजवळच्या मळ्याचा पत्ता सांगितला, तेवढ्यात रुपया संपला.

पाहणी झाली ती अठरा मेला, गुरुवारी. यादव साहेब, तिन्ही खात्यांचा एकेक माणूस आणि मी, असे पाच जण. पलीकडच्या डोंगराला वळसा घालून कच्ची वाट होती, टँकर जाईल एवढी. पण जीपला मंजूर झालेले किलोमीटर त्या वळशाला पुरत नव्हते. म्हणून ड्रायव्हरला जीपपाशी ठेवून आम्ही ओहळातून पायी गेलो. अकरा वाजले होते. पाण्याच्या बाटल्या ओहळाच्या तळाशीच संपल्या. झऱ्याच्या जागी ओली माती होती आणि तिच्यात मधमाश्या बसल्या होत्या. चढावर साहेब दर वीस पावलांना थांबत होते. रस्तेवाला गृहस्थ पहिल्यांदाच म्हणाला की इथे रस्ता पाहिजे.

वर सात घरं होती. मला आनंद झाला, कारण माझा ठिपका बरोबर होता. बारा मीटरांची चूक. मग दिसलं की सहा दारांना काटेरी फांद्या लावलेल्या आहेत. सातव्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. हिरामणची चुलती, बयाबाई. गुडघ्यांनी उतरता येत नाही म्हणून ती मागे राहिली होती, आणि घरात देव होता.

तिने आम्हाला कोण, कुठले, काही विचारलं नाही. आत गेली, घोंगडी आणून टाकली, आणि पुन्हा आत जाऊन तांब्या घेऊन आली.

“बसा. उन्हाचे आलात,” म्हणाली. “आदी पाणी घ्या.”

साहेब म्हणाले, “आजी, कशाला, राहू द्या.” पण त्यांचा हात पुढे झाला होता. ते तांब्यातलं संपवून थांबले, तर तिने तो पुन्हा भरून आणला. दारात आलेल्या माणसाने अर्धं पिऊन तांब्या परत देणं तिला चालण्यासारखं नव्हतं. सगळे प्याले. मीही प्याले. दोन तांबे. पाणी गार होतं, त्याला मडक्याचा वास होता. पाचव्या माणसाच्या वेळी आतून तांब्या मडक्याच्या बुडाला घासल्याचा आवाज आला. तो मी ऐकला. दुसरा तांब्या मी त्याच्यानंतर प्याले.

मग पाहणीचा तक्ता भरला. वस्तीत आढळलेली माणसं: एक. वीसच्या खाली माणसं असली तर ती वस्ती धरत नाहीत. मी सांगितलं की चौतीस आहेत, मजुरीला गेलीत. साहेब म्हणाले, खरं आहे, पण तक्त्यात ‘आढळलेली’ असं आहे. पुढचा रकाना होता, जागेवर पिण्याचं पाणी उपलब्ध आहे का. मी ‘नाही’ म्हटलं. पाणीवाल्या गृहस्थांचं पेन थांबलं. ते दुष्ट नव्हते. त्यांना खोटं लिहायचं नव्हतं, एवढंच.

“मॅडम,” ते म्हणाले, “आत्ता आपण प्यालो ना?”

निरीक्षण पाच जणांचं होतं, आणि पाचही जणांचं एकच होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भक्कम पुरावा. त्यांनी ‘होय’ लिहिलं. मी शेऱ्याच्या जागी लिहायला घेतलं की पाणी बयाबाईंनी त्यांच्या मडक्यातून दिलं, पण शेऱ्याची जागा अर्धी ओळ होती आणि तिथे आधीच ‘नकाशा अचूक आढळला’ असं लिहून झालं होतं. खाली पाच सह्या. चार झाल्या होत्या. ऊन चढत होतं, ओहळ उतरायचा होता, साहेबांचा श्वास अजून जागेवर नव्हता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी सही केली.

निघताना बयाबाईने मला थांबवलं. “हिरामण भेटंल का तुला?”

मी हो म्हटलं.

“त्याला सांग, घरी पाव्हणे आले व्हते. कोरडे नाय गेले.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी निफाडची गाडी पकडली. हिरामण मळ्यात छाटणी करत होता. मला बघून त्याने कात्री खिशात ठेवली आणि बांधावर आला. मी आधी अहवालाचं सांगायला लागले, कलमं, सह्या, पुन्हा करता येण्यासारखा अर्ज. तो ऐकत होता, पण त्यातलं त्याला काही हवं होतं असं वाटलं नाही. मग मी बयाबाईचा निरोप सांगितला.

तो हसला. “द्यायालाच पायजे,” म्हणाला. “आलेल्याला पाणी नाय तर घर कसलं.” मग त्याने टोपी काढून घाम पुसला. “किती जण व्हता?”

“पाच.”

“दोनदोन तांबे प्याला असाल. चढ हाय.”

“हो.”

“मी दर रविवारी नेतो तिच्यासाठी,” तो म्हणाला. “येवढ्यावर रविवारपातुर भागायचं, आसं मोजून ठेवतो.”

त्या दिवशी शुक्रवार होता. तो मुकादमाकडे गेला, काहीतरी बोलला, मुकादमाने हात झटकल्यासारखं केलं. हिरामण झाडाखालचा पांढरा कॅन घेऊन नळाकडे निघाला. मी मागोमाग गेले. कॅन वीस लिटरचा होता आणि नळाची धार बारीक होती. तो कलंडू नये म्हणून मी एका बाजूने धरला, त्याने दुसऱ्या. भरायला सहा मिनिटं लागली.